बाई तीनदा पडल्या: एकट्या राहणाऱ्या आईचं एक प्रकरण

मी साताऱ्यात घरी जाऊन फिजिओथेरपी देते. हे प्रकरण माझ्याकडच्या एका पेशंटचं आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेत. लिहायची परवानगी घरच्यांनी दिली आणि बाईंनीही दिली, एका अटीवर: "मला बिचारी करू नकोस."

पार्श्वभूमी

बाई ७४ वर्षांच्या, निवृत्त प्राथमिक शिक्षिका. सगळी आळी त्यांना 'बाई'च म्हणते. जुन्या पेठेतलं स्वतःचं घर: खाली दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, वर एक खोली, मागे फरसबंद अंगण आणि अंगणाच्या टोकाला न्हाणीघर. मिस्टर २०१९ मध्ये गेले. मुलगी पुण्यात, नोकरीवाली. मुलगा टोरांटोला.

२०२१ मध्ये बाईंना अर्धांगवायूचा सौम्य झटका येऊन गेला. डावा हात महिनाभरात सुधारला, डावा पाय मात्र दमल्यावर अजून थोडा घासतो. रोजच्या गोळ्या चार. रक्तदाबाची एक जोडगोळी, तिच्यात टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन. रक्त पातळ ठेवणारी क्लोपिडोग्रेल. कोलेस्टेरॉलची एक. आणि रात्री झोपेसाठी अर्ध्या मिलीग्रॅमची अल्प्राझोलॅम. ही शेवटची कुठल्याच ताज्या चिठ्ठीवर नव्हती. मिस्टर गेल्यावर पंधरा दिवसांसाठी दिलेली, ती चार वर्षं चालू होती. दुकानदार ओळखीचा, पट्टी दाखवली की नवी पट्टी मिळायची.

काय होत होतं

पहिल्यांदा बाई पडल्या जुलै २०२३ मध्ये, पहाटे साडेपाचला, अंगणात. ती नळाला पाणी यायची वेळ. मनगटाला चीर गेली, तीन आठवडे प्लास्टर. पाऊस होता, फरशीवर शेवाळ होतं, तेव्हा "घसरल्या" यात कुणाला शंका आली नाही.

दुसऱ्यांदा सप्टेंबरमध्ये, न्हाणीघरात. दाराला आतून कडी. दोन तास ओल्या फरशीवर पडून होत्या. शेजारच्या वहिनींना दुपारी अंगणात कपडे वाळत घातलेले दिसले नाहीत म्हणून त्यांनी हाक मारली, आणि मग दार तोडलं. त्यानंतर मला बोलावलं.

मी काय केलं ते सांगते, कारण पुढे त्याकडे परत यायचं आहे. डावा पाय अशक्त, तोल कच्चा, वय ७४, फरशी ओली. मी खुर्चीतून हात न टेकता उठण्या-बसण्याचा व्यायाम दिला. काठी मनगटाच्या घडीच्या उंचीला कापून घेतली आणि उजव्या हातात धरायला शिकवली, कारण काठी अशक्त पायाच्या उलट बाजूला असायला हवी. पायपुसणी उचलायला लावली. हे सगळं बरोबरच होतं. बाई तरीही तिसऱ्यांदा पडल्या.

ते नोव्हेंबरमध्ये, स्वयंपाकघरात, सकाळी नऊला, कोरड्या फरशीवर. वहिनींना करपल्याचा वास आला. दूध उतू जाऊन पातेलं काळं पडलेलं, गॅस चालू, बाई ओट्याला टेकून जमिनीवर बसलेल्या. "चक्कर आली असेल," म्हणाल्या. "आली" नाही, "आली असेल". पंधरा मिनिटं त्यांना दूध कधी ठेवलं तेही आठवेना, आणि जिभेच्या कडेला चावा बसला होता.

उभं राहिल्यावर रक्तदाब उतरून माणूस कोसळतो, तेव्हा तो पांढराफटक पडतो आणि आडवा झाला की बहुधा मिनिटाभरात शुद्धीवर येऊन नीट बोलायला लागतो. जिभेच्या कडेचा चावा आणि लांबलेला गोंधळ फिटकडे बोट दाखवतो. अर्धांगवायूने मेंदूत राहिलेला व्रण हे म्हातारपणी पहिल्यांदाच फिट येण्याचं एक मोठं कारण आहे. आणि या वयात फिट म्हणजे दर वेळी हातपाय झाडणं नसतं. कधी माणूस फक्त मिनिटभर हरवतो.

पण हरवला, हे पाहणार कोण? एकट्या माणसाच्या फिटला साक्षीदार नसतो. ज्याला येते त्यालाच ती आठवत नाही.

बाईंना साक्षीदार होता, फक्त त्याला कुणी विचारलं नव्हतं. वहिनींचा सातवीतला मुलगा संध्याकाळी बाईंकडे गणित शिकायला येतो. मी व्यायाम घेत असताना तो दारात उभा होता. सहज म्हणून विचारलं. तो म्हणाला, "बाई कधी कधी पाढा सांगता सांगता थांबतात. पदर चोळत बसतात. हाक मारली तरी बघत नाहीत. मला वाटलं रागावल्यात." किती वेळ? "मी मनात सतराचा पाढा पूर्ण म्हणतो, तरी त्या तशाच. मग विचारतात, कुठवर आलो होतो आपण?" दिवाळीच्या सुट्टीआधीपासून असं चार-पाच वेळा झालं होतं.

त्याच दिवशी मी पहिल्यांदा आडवं झोपवून आणि मग उभं करून रक्तदाब घेतला. झोपून १४८/८२, उभं राहिल्यावर एका मिनिटाने ११८/७०. वरचा आकडा वीस किंवा त्याहून जास्त उतरला तर ते लक्षण मानतात. इथे तीस उतरला होता. म्हणजे जुलैचं पहाटेचं पडणं हे शेवाळाचंच होतं असंही नाही: अर्धवट झोपेत, झोपेच्या गोळीच्या अमलात, पाणी जाईल म्हणून ताडकन उठून अंगणात धावलेली बाई. तीन पडणी आणि त्यांची कारणं बहुधा तीन.

मधली चूक

मी मुलीला फोन केला. तिने मेंदूविकारतज्ज्ञांची वेळ घेतली, ती नऊ दिवसांनंतरची मिळाली. ती स्वतः रजा टाकून आली आणि आल्याआल्या औषधांचा डबा उपसला. अल्प्राझोलॅमची पट्टी दिसली. झोपेच्या गोळ्यांनी म्हातारी माणसं पडतात हे तिने वाचलं होतं, आणि ते खरंही आहे. तिने पट्टी कचऱ्यात टाकली. "आई, आजपासून हे बंद."

चार वर्षं रोज घेतलेली ही गोळी एका रात्रीत थांबवली की मेंदूवरचा लगाम अचानक सुटतो. निरोगी माणसालाही त्याने फिट येऊ शकते. बाईंच्या मेंदूत तर आधीच व्रण होता. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही, हाताला कंप, घाम. तिसऱ्या पहाटे मोठी फिट आली. मुलीने घाबरून दातांत चमचा घातला आणि पुढचा एक दात तुटला. वहिनींनी कांदा फोडून नाकाशी धरला. कुणीतरी चप्पल आणली. फिट तीनेक मिनिटांत आपली आपण थांबली. १०८ची गाडी आली.

रुग्णालयात डोक्याचा सीटी स्कॅन तातडीने झाला. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डोकं आपटलं तर आत रक्तस्राव नाही ना हे पाहावंच लागतं. तो नव्हता. पण रक्तातलं सोडियम १२१ निघालं. ते १३५ ते १४५ असायला हवं. क्लोरथॅलिडोनसारख्या, लघवी वाढवणाऱ्या गोळीने म्हाताऱ्या माणसांचं सोडियम उतरतं, त्यात बाईंचं "मीठ कमी करा" फारच मनावर घेतलेलं आणि जेवण चिमणीएवढं. कमी सोडियमने चाल डगमगते, डोकं जड होतं, फार उतरलं तर फिटही येते. ते हळूहळू, चार दिवसांत वर आणलं, कारण घाईने वाढवलं तर मेंदूलाच इजा होते.

ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख, नॉर्मल आला. मुलगी म्हणाली, म्हणजे फिटचा आजार नाही. डॉक्टरांनी समजावलं की दोन फिटच्या मधल्या काळात ईईजी नॉर्मल येऊ शकतो. त्यांनी जास्त वजन दिलं ते पाढ्याच्या गोष्टीला. मी ती एका कागदावर मुलाच्या शब्दांत लिहून मुलीकडे दिली होती.

घरी सोडताना रक्तदाबाची गोळी बदलली. फिट रोखणारी लेव्हेटिरॅसिटॅम अगदी कमी डोसने सुरू झाली. अल्प्राझोलॅम पुन्हा चालू केली आणि थोडी थोडी कमी करत बंद करायचं वेळापत्रक दिलं. हे मुलीला सर्वात जड गेलं. जी गोळी आपण फेकली तीच आपल्या हाताने द्यायची.

पर्याय

सकाळी सातला व्हिडिओ कॉल झाला. टोरांटोला तेव्हा आदल्या रात्रीचे साडेआठ. मुलाचं म्हणणं: चोवीस तास राहणाऱ्या मावशी आणि सगळ्या खोल्यांत कॅमेरे, पैसे मी देतो. मुलीचं म्हणणं: आई माझ्याकडे येईल, विषय संपला. बाईंचं म्हणणं कुणी विचारलं नाही. शेवटी त्यांनीच विचारलं, "माझा नंबर कधी?"

पुण्याचा पर्याय आधी करून पाहिला. तीन आठवडे. चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट, आरशासारख्या टाइल्स. पहिल्या आठवड्यातच रात्री दोनला बाई पडल्या. सातारच्या घरात पलंगावरून उठलं की संडासाला जायला डावीकडे वळायचं. पुण्यात उजवीकडे. झोपेत पाय सवयीप्रमाणे डावीकडे वळले आणि कपाटाच्या कोपऱ्यावर आदळल्या. याहून मोठी गोष्ट हिशेब मांडल्यावर कळली. मुलगी-जावई नऊला बाहेर पडत, सातला परत येत. दहा तास बंद दाराआड बाई एकट्या, शेजारच्या फ्लॅटचं नावही माहीत नाही. सातारला दिवसभरात दूधवाला, भाजीवाली, वहिनी, पाढे म्हणणारी चार पोरं अशी आठ-दहा माणसं त्यांना बघत होती. मुलीकडे राहणं म्हणजे सोबत, असं आपण धरून चालतो. इथे ते उलटं होतं.

चोवीस तासांच्या मावशी आठ दिवस टिकल्या. बाई त्यांनाच चहा करून द्यायच्या. कॅमेऱ्यांवर तडजोड झाली: स्वयंपाकघरात आणि अंगणात चालेल, निजायच्या खोलीत नाही. वृद्धाश्रमाचा विषय मुलीने काढला आणि लगेच मागे घेतला.

जे ठरलं ते वहिनींच्या डोक्यातून आलं. वरची खोली रिकामी होती. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी खोली शोधत होती. भाडं नाममात्र, अट एकच: रात्री घरात असायचं आणि सकाळी साडेसातपर्यंत बाहेर पडायचं नाही. आठ ते अकरा कामाच्या मावशी. मधल्या वेळेत फोनची पाळी. पहाटेची वेळ धोक्याची, आणि तेव्हा टोरांटोला संध्याकाळ. म्हणून सकाळी सव्वासहाचा फोन मुलाचा. इतकी वर्षं तो रविवारी अर्धा तास बोलायचा, आता रोज चार मिनिटं बोलतो. बाईंनी उचलला नाही तर तो दहा मिनिटांनी परत लावतो, मग भाडेकरू मुलीला, मग वहिनींना.

घरात काय बदललं

सगळ्यात जास्त काम न्हाणीघरात निघालं. भिंतीला आधाराची दांडी लावायची तर भिंत जुनी, विटा-मातीची. गवंड्याने स्क्रू मारला, मी धरून ओढलं, दांडी प्लास्टरसकट हातात आली. बरं झालं, बाईंच्या हातात आली नाही. मग लोखंडी पाइप फरशीपासून छताच्या तुळईपर्यंत उभा ठोकला. टॉवेलच्या दांडीला धरायचं नाही हे मात्र महिनाभर सांगावं लागलं. दार आत उघडायचं. आत माणूस पडला तर तोच दाराला अडसर होतो, म्हणून बिजागऱ्या फिरवून ते बाहेर उघडतं केलं आणि आतली कडी काढली. "आणि कुणी आलं म्हणजे?" यावर बाईंनीच तोड काढली: आत असताना बाहेरच्या खिळ्याला लाल पंचा. आंघोळ खुर्चीवर बसून, बादली विटांच्या ओट्यावर, म्हणजे तांब्या भरायला वाकायला नको. फिटच्या माणसासाठी कडकडीत पाणीही धोक्याचं, म्हणून गीझर कोमटाच्या खुणेवर.

पडलं की कळावं म्हणून मुलाने हाताचं घड्याळ पाठवलं, पडणं ओळखणारं. किंमत विचारल्यावर बाईंनी ते कपाटात, दागिन्यांच्या डब्याशेजारी ठेवलं. घातलं तरी आंघोळीला आणि पूजेला काढायच्या, आणि पडायच्या जागा नेमक्या त्याच. त्याऐवजी बाजारातली वायरविना चालणारी दारावरची घंटा आणली. बटण न्हाणीघरात गुडघ्याच्या उंचीवर चिकटवलं, कारण पडलेल्या माणसाचा हात तिथवरच पोचतो. घंटा वहिनींच्या स्वयंपाकघरात वाजते. दर महिन्याच्या एक तारखेला बाई ती वाजवून पाहतात.

पहाटेचं पाणी हा खरा गुंता होता. पाचशे लिटरची टाकी आणि पाणी भरलं की आपोआप बंद होणारा कॉक बसवला. खर्च घड्याळापेक्षा कमी. तरी प्यायचं पाणी ताजंच हवं, म्हणून तांब्याचा हंडा ती नर्सिंगची मुलगी भरते. बाईंनी उठायचं ते पलंगावर दोन मिनिटं बसून, पावलं वर-खाली हलवून, मगच.

दूध आणि चहा इंडक्शनवर. रबरी सपाता गेल्या, मागे पट्टा असलेली चप्पल आली. समई मात्र बाईंनी सोडली नाही. ती आठनंतर लागते, मावशी घरात असताना, खाली रुंद पितळी परात ठेवून.

फ्रिजवर एक कागद आहे, मोठ्या अक्षरांत, बाईंच्याच हस्ताक्षरातला. फिट आली तर आधी घड्याळ बघा. कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही द्या, आसपासच्या टणक वस्तू सरकवा. हातपाय दाबून धरू नका. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका. कांदा नको, चप्पल नको. पाच मिनिटांत थांबली नाही, लागोपाठ दुसरी आली, किंवा डोकं आपटलं, तर १०८. पाच मिनिटांवर गेली तर नाकात मारायचा, फिट थांबवणारा मिडॅझोलॅमचा स्प्रे डॉक्टरांनी लिहून दिलाय. तो वरच्या मुलीकडे असतो.

पुढे काय झालं

अल्प्राझोलॅम पाच महिन्यांत सुटली. सोडियम १३६च्या आसपास स्थिरावलं. उभ्याचा रक्तदाब आता आठ-दहानेच उतरतो. फिटच्या नव्या गोळीने पहिले दोन महिने बाई चिडक्या झाल्या, पोरांवर खेकसायच्या. हा त्या औषधाचा माहीत असलेला परिणाम आहे. डॉक्टरांना सांगितल्यावर डोस जुळवला.

२०२४ च्या आषाढी एकादशीला फिट आली. उपास, रिकामं पोट, "औषध उद्या घेऊ". सकाळची गोळी चुकली, रात्रीचीही. वरच्या मुलीने कुशीवर वळवलं, वेळ धरली, एक मिनिट चाळीस सेकंद, आणि अर्धा मिनिट मोबाइलवर टिपलं. डॉक्टर म्हणाले, या अर्ध्या मिनिटातून मला ईईजीपेक्षा जास्त कळलं. तेव्हापासून उपासाच्या दिवशी गोळी साबुदाण्याच्या खिचडीबरोबर.

ऑक्टोबरमध्ये पलंगाच्या कडेवरून सरकून खाली बसल्या. आम्ही जमिनीवरून उठायचा सराव महिनोनमहिने केला होता: कुशीवर वळा, कोपरावर या, मग ओणवं, खुर्चीपर्यंत रांगत जा, खुर्चीला धरून आधी धडधाकट उजवा पाय पुढे टेका. त्या उठल्या. मला फोन करून सांगितलं, "अकरा मिनिटं लागली. घड्याळ समोरच होतं."

आज हे प्रकरण पुन्हा हाती आलं तर

माझी पहिली चूक सप्टेंबरची. मी "कशा पडलात?" विचारलं, आणि "घसरले" हे उत्तर घेऊन मोकळी झाले. विचारायला हवं होतं: पडायच्या आधीचं शेवटचं काय आठवतं? जमिनीवर आदळताना कळलं का? आदळतानाचं आठवत नसेल, तर ते नुसतं घसरणं नसण्याची शक्यता मोठी. झोपून-उभं राहून रक्तदाब घ्यायला पाच मिनिटं लागतात. ती मी दोन महिने उशिरा दिली. औषधांचा डबा मी उघडलाच नाही, तो माझा प्रांत नाही म्हणून. आता पहिल्या भेटीत सगळ्या पट्ट्या टेबलावर मांडायला सांगते, फोटो काढते आणि घरच्यांना म्हणते, हा डॉक्टरांना दाखवा, तोवर एकही गोळी आपण होऊन वाढवू नका, थांबवू नका.

मुलीला मी फोनवर "झोपेची गोळी हेही एक कारण असू शकतं" असं म्हणाले होते. तेवढंच. पुढचं वाक्य, म्हणजे ती अचानक बंद करायची नाही, हे मी बोलले नाही. चमच्यावरून आणि त्या दातावरून तिला अजून वाईट वाटतं. पट्टीचा दोष निम्मा माझा आहे, हे मी तिला सांगितलंय.

पुण्याचे तीन आठवडे टाळता आले असते का, याबद्दल मात्र मला खात्री नाही. ते झाले नसते तर मुलीने सातारचा बेत मनापासून मानला नसता.

एक प्रश्न अजून उभा आहे. नर्सिंगच्या मुलीचं शेवटचं वर्ष संपत आलं, नोकरी कुठेही लागेल. बाईंनी वहिनींना नवी भाडेकरू शोधायला सांगितलंय. परवा व्यायामाच्या वेळी वहिनी एक स्थळ आणावं तशी माहिती घेऊन आल्या: मुलगी डी.एड. करते, कराडकडची, स्वभावाने शांत. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "शांत आहे ते ठीक. पाढे येतात का विचार."